समन्स समुद्रापार जाते तेव्हा
(दुर्ग येथील कामगार सभेतील भाषण)



समन्स म्हणजे काय, हे टपालखात्यातल्या बांधवांना आम्ही सांगायला नको. लिफाफा घेऊन दारात उभे राहायचे, सही घ्यायची. माणूस घेत नसेल तर 'घेण्यास नकार' असा शेरा मारायचा. त्या एका शेऱ्यावर न्यायालय बजावणी झाली असे धरू शकते. पण दार अमेरिकेत असेल तर?

दुर्गहून अमरकंटक एक्स्प्रेस भोपाळला जाते. १९८४ साली दोन्ही शहरे एकाच मध्य प्रदेशात होती. २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू सुटला, तेव्हा भोपाळ स्टेशनचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधी सोडून कित्येकांचे प्राण वाचवले. रेल्वे कामगाराने आपले काम मिनिटांत केले. न्यायालयाच्या कागदाला किती वेळ लागला ते पाहा.

कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ रोजी अटक झाली, जामीन मिळाला आणि ते मायदेशी गेले. १९९२ मध्ये न्यायालयाने त्यांना फरार ठरवले. २००३ साली भारताने त्यांचे प्रत्यार्पण मागितले, अमेरिकेने ते नाकारले. २०१४ मध्ये ते वारले. खटल्यासाठी एक दिवसही हजर झाले नाहीत!

पुराव्याचेही तसेच. मुख्य कंपनीचे कागद अमेरिकेत, म्हणून भारत सरकारने १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. न्यायमूर्ती कीनन यांनी मे १९८६ मध्ये तो भारतात पाठवला, मात्र कंपनीने अमेरिकी नियमांप्रमाणे कागदपत्रे खुली करावीत अशी अट घातली. जानेवारी १९८७ मध्ये वरच्या न्यायालयाने ही एकतर्फी अट काढून टाकली. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

२००१ मध्ये कार्बाइड डाऊ केमिकलने घेतली. त्याच वर्षी भारत-अमेरिका फौजदारी सहकार्याचा करार झाला, २००५ पासून लागू आहे. तरीही भोपाळ न्यायालयाने डाऊला वारंवार समन्स काढल्यानंतर कंपनीचे वकील ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, तेही इथल्या न्यायालयाला आमच्यावर अधिकार नाही, एवढे सांगण्यापुरते.

दिवाणी बाबतीत वाट थोडी रुंद झाली आहे. समन्स बजावणीचा १९६५ चा हेग करार भारताला १ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला, पुराव्याचा १९७० चा करारही त्याच वर्षी. आपल्याकडे येणारी विनंती केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे येते. गंमत अशी की परदेशी न्यायालयाचे कागद थेट टपालाने बजावण्यास भारताने हरकत नोंदवली आहे, म्हणजे तसा लिफाफा पोस्टमनने दिला तरी ती रीतसर बजावणी नव्हे. साक्ष हवी असेल तर आपले न्यायालय तिकडच्या न्यायालयाला विनंतीपत्र पाठवते.

हे आपल्या घरात कधी येते? जावई अमेरिकेत निघून गेला आणि मुलगी पोटगीसाठी इथे उभी आहे, तेव्हा. मुलगा आखातात पगाराविना अडकला, तेव्हा. अमिरातीशी १९९९ चा वेगळा करार आहे. प्रत्येक देशाची वाट निराळी, म्हणून वकिलाला पहिला प्रश्न तोच विचारा. पूर्ण पत्ता मिळवा, त्या देशाला लागेल त्या भाषेतले भाषांतर जोडा, आणि तारीख जवळची मागू नका. समन्स पोचायच्या आत तारीख उलटली की सगळे पुन्हा पहिल्यापासून.