‘मेस’ झालाय म्हणजे नेमकं काय झालंय?

आम्ही निडीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

लावणीचे दिवस होते. आमच्यातल्या एकीची लेक रोह्याहून कॉलेजातून घरी आली. दारात ओल्या छत्र्या, ओटीवर चिखलाचे पाय, मोरीत भांड्यांचा ढीग. ती म्हणाली, “आई, इट्स अ मेस!” आतून आजी म्हणाल्या, “मेस? कोन येनार हाय जेवायला?”

आम्ही पोट धरून हसलो. पण आजींचं अगदीच चुकलं नव्हतं. इंग्रजीतही हा शब्द मूळचा जेवणाचाच. ताटात कालवलेल्या अन्नावरून पसाऱ्याचा अर्थ त्याला पुढे आला. आपली खाणावळीची ‘मेस’ ती हीच.

तेव्हापासून शब्द आमच्याही तोंडी बसला. पोरं भांडली, मेस. गाडी चुकली, मेस. मग एका बैठकीत गटाची वही उघडली, आकडे जुळेनात. “वहीचा मेस झालाय,” असं म्हणून आम्ही ती मिटली आणि चहा घेतला. पुढच्या महिन्यातही तेच.

इकडे एक बाई वहीत थकबाकीदार दिसत होती. म्हणून तिचं कर्ज अडलं होतं. मजुरी द्यायची कशी, या काळजीत ती होती. ती वैतागून म्हणाली, “मेस म्हणजे काय ते मराठीत सांगा. हा पसारा आहे, घोळ आहे, की अफरातफर?”

सगळ्या गप्प झालो. कारण पसारा आवरायचा असतो, गुंता सोडवायचा असतो, घोळ निस्तरायचा असतो आणि अफरातफरीचा जाब विचारायचा असतो. शब्द नेमका आला की पुढचं काम कळतं, आणि ते कुणी करायचं तेही. ‘मेस’ म्हटलं की मान हलवून उठता येतं.

त्याच दिवशी पासबुकं आणि वही शेजारी ठेवून बसलो. तिचा जूनचा हप्ता दुसरीच्या नावापुढे चढला होता. म्हणजे घोळ होता, लबाडी नव्हती. तासाभरात निस्तरला. तिची मात्र दोन महिने झोप गेली होती. तिची आम्ही माफी मागितली.

आपला ‘गोंधळ’ शब्दच बघा. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात. संबळ, तुणतुणं, दिवटी, सगळं कसं रीतीनं चालतं. बाहेरून गलबला वाटला, तरी आत कोण काय करतंय ते ठरलेलं असतं.

इंग्रजीशी आमचं भांडण नाही. स्टेशन, पासबुक, मीटिंग हे शब्द आमचेच झालेत. फक्त घरात, गटात, ग्रामसभेत कुणी “सगळा मेस आहे” म्हणालं, तर एवढंच विचारा: “म्हणजे नेमकं काय झालंय?” आणि उत्तर येईपर्यंत वही मिटू नका.