शाळेतला कॉम्प्युटर, मुली आणि कुलपाची किल्ली

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्या आणि शिक्षिका यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हुंडा, दारू, रेशन, बालविवाह एवढे प्रश्न समोर असताना शाळेतल्या कॉम्प्युटरवर कुठली साईट उघडते आणि कुठली बंद असते, याची उठाठेव आपण कशाला करायची, असं काहीजणींच्या मनात आलं असेल. पण माहिती कोणाला मिळायची आणि कोणापासून लपवायची हे कोण ठरवतं, हा प्रश्न आपल्या चळवळीत पहिल्यापासून आहे. आज तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला आहे, एवढंच.

आपल्या भागात शाळाशाळांतून कॉम्प्युटर आले. धुळे जिल्ह्यात तर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा गावकऱ्यांच्या वर्गणीतून डिजिटल झाल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. या कॉम्प्युटरवर अनेक ठिकाणी एक चाळणी बसवलेली असते. तिला फिल्टर म्हणतात. पोरांनी नको ते पाहू नये म्हणून ती असते. हेतूबद्दल माझं भांडण नाही. लहान मुलांसमोर हिंसेनं भरलेली, बाईला वस्तू करणारी चित्रं येऊ नयेत, असं आपल्यालाही वाटतं. माझं म्हणणं आहे ते ही चाळणी काय अडवते आणि काय सोडते याबद्दल.

ही चाळणी तीन तऱ्हांनी चालते. पहिली तऱ्हा म्हणजे बंद पत्त्यांची यादी. दुसरी म्हणजे शब्द. अमुक शब्द दिसला की दार बंद. तिसरी म्हणजे ठरवून दिलेल्या चार-दोन साईट सोडून बाकी सगळं बंद. यादी बहुतेक वेळा माल पुरवणारी कंपनी घेऊन येते. ती शाळेतल्या बाईंना माहीत नसते, मुख्याध्यापकांना नसते आणि पालकांना तर नसतेच. आजकाल बहुतेक साईटवरचा मजकूर बंद पाकिटातून आल्यासारखा येतो. चाळणीला पाकिटावरचा पत्ता तेवढा वाचता येतो. त्यामुळे एका पानासाठी आख्खी साईट बंद होते.

शब्दांवर चालणाऱ्या चाळणीला संदर्भ कळत नाही. अमेरिकेत १९९५ साली एका मोठ्या इंटरनेट कंपनीनं ‘स्तन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द अश्लील ठरवला. आणि अडकल्या कोण? स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या, एकमेकींना धीर देणाऱ्या बाया! ओरड झाल्यावर कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी उघड झालं की, मुलांच्या रक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या एका फिल्टरनं तिथल्या सर्वांत मोठ्या स्त्री-संघटनेची साईटच बंद केली होती. म्हणजे बाईचं उघडं शरीर आणि बाईचा हक्क हे दोन्ही त्या यादीत एकाच रांगेत बसले! आणि आपल्या भाषेचं काय? इंग्रजी शब्दांवर बेतलेल्या चाळणीतून अहिराणीतली शिवी सुखरूप खाली पडते आणि इंग्रजी नावाचा गर्भाशयाचा आजार मात्र वर अडकून राहतो.

ही चाळणी आपल्याला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. संततिनियमन आणि शरीराची शास्त्रीय माहिती छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही खटला हरला. पुढे २००७ साली शाळांतून किशोरवयीनांना लैंगिक शिक्षण देण्याचा कार्यक्रम आला, तेव्हा आपल्या राज्यातल्या आमदारांनी पक्षभेद विसरून विरोध केला आणि सरकारनं तो थांबवला. पुस्तकातून काढलं, वर्गातून काढलं. मग मुलीनं पाळी का चुकते हे कोणाला विचारायचं? मशीनला विचारलं तर मशीन म्हणतं, ‘प्रवेश नाही’.

आता पोरं काय करतात ते पाहू. पोरं हुशार आहेत, वाट काढतात. बंद घरी जाता येत नसलं की शेजाऱ्याला पाठवून वस्तू मागवतो ना, तशी दुसऱ्याच साईटमार्फत बंद पान मागवतात. याला प्रॉक्सी म्हणतात. किंवा व्हीपीएन नावाचा बोगदा वापरतात. सगळ्यात सोपं म्हणजे खिशातला मोबाईल काढतात, शाळेचं नेट वापरतच नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी हे कुलूप लावलं ते खिडकीतून केव्हाच बाहेर पडलेले असतात.

पण मोबाईल कोणाच्या खिशात असतो? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष शंभरात ५७ होते आणि बाया ३३. घरात फोन एकच असला तर तो आधी बापाचा, मग भावाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेनं २०२२ साली अठरा वर्षांखालच्या सगळ्यांनाच मोबाईलबंदी केली. नियम सगळ्यांना सारखा. पण असा नियम घरात शिरला की पहारा कोणावर बसतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. ज्या मुलीच्या हाती फोन येत नाही, तिला शाळेतला कॉम्प्युटर हीच एक खिडकी असते. म्हणून फिल्टर मुलापेक्षा मुलीला जास्त अडवतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ही चाळणी अडवते, शिवाय लिहूनही ठेवते. कोणत्या कॉम्प्युटरवरून किती वाजता काय शोधलं, याची नोंद राहते. समजा, नववीतल्या एका मुलीनं ‘गर्भ राहिला तर’ असं शोधलं. मैत्रिणीसाठी असेल, बहिणीसाठी असेल, नुसतं कुतूहल असेल. ती नोंद शिपायापासून शिक्षकांपर्यंत चर्चेत गेली, तर? मुलाला दोन रट्टे बसतील आणि विषय संपेल. मुलीची शाळा सुटेल आणि पुढच्या लग्नसराईत तिचे हात पिवळे होतील. त्याच पाहणीत, आपल्या राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी जवळजवळ २२ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्या आकड्यात असली कारणं दडलेली असतात.

काही शिक्षक म्हणतात, ‘ताई, जमाना वाईट आहे, मुली फसतात.’ भीती खोटी नाही. आपल्या जळगावनं १९९४ साली ते भोगलं आहे. छायाचित्रांच्या धाकावर मुलींचं लैंगिक शोषण झाल्याचं प्रकरण उघडकीस आलं आणि राज्यभर गाजलं. पण लक्षात घ्या, तेव्हा जळगावात इंटरनेट नव्हतं. देशातल्या सर्वसामान्य माणसासाठी ते १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. मुलींना गप्प ठेवलं ते बदनामीच्या भीतीनं, आणि ‘हे सांगायचं कोणाला’ हे माहीत नसण्यानं. न सांगण्याची सवय मोडणारी माहितीच जर आपण बंद केली, तर आपण फसवणाऱ्याचंच काम सोपं करतो.

मग मुलींना प्रॉक्सी आणि व्हीपीएन शिकवायचे का? माझं मत सांगते. तो मार्ग म्हणून मी शिबिरातून शिकवणार नाही. एक तर पकडली गेली तर किंमत मुलगीच मोजते. दुसरं, फुकटचा बोगदा बांधणारा कोण, हे आपल्याला माहीत नसतं. शेजाऱ्याला पाठवलं की तो पिशवीत डोकावतोच. अशा साईटवर पासवर्ड, फोटो, फोन नंबर टाकणं धोक्याचं आहे, हे मात्र प्रत्येक मुलीला सांगितलंच पाहिजे. पण वाट काढणाऱ्या मुलीला गुन्हेगार ठरवायलाही माझा विरोध आहे. ती काय शोधत होती, हे आधी विचारा. हक्काची माहिती चोरवाटेनं का मिळवावी लागते, याचं उत्तर शाळेनं द्यायचं आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात समलिंगी मुलांना आधार देणाऱ्या साईट एका शालेय मंडळानं अडवल्या होत्या. २०१२ साली न्यायालयानं ते बंद करायला लावलं. तिथं लढणाऱ्यांनी चोरवाट धरली नाही, मंडळाला जाब विचारला.

आपण काय करायचं? चार कामं सुचवते.

एक. आपापल्या गावातल्या शाळेत जा. बाईंच्या परवानगीनं तासभर कॉम्प्युटरसमोर बसा. पाळी, गर्भाशय, स्तनाचा कर्करोग, बालविवाह, लैंगिक छळ, पोक्सो, गर्भपाताचा कायदा, चाईल्डलाईन १०९८ हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत टाका. काय उघडतं, काय नाही, ते वहीत लिहा. नुसत्या तक्रारीपेक्षा ही वही बोलकी ठरेल.

दोन. ही वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. सह्यांपुरत्या बसवलेल्या आपल्या बायांना तिथं बोलतं करा. यादी कोणी केली, ती बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

तीन. नोंदी कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, हे लेखी मागा. मुलीनं काय शोधलं यावरून तिच्या घरी परस्पर फोन जाता कामा नये. काळजीचं काही दिसलं तर एका विश्वासाच्या शिक्षिकेनं आधी मुलीशी बोलावं. २०२२ पासून शाळांतून सखी सावित्री समित्या करायच्या आहेत. तुमच्या शाळेत ती कागदावर आहे की खरी, ते तपासा.

चार. मशीनवर सगळं सोडू नका. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक काढत. आपल्याला वसतिगृहाच्या भिंतीवर आठवड्याला एक कागद लावता येणार नाही का? मुलींनी चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न टाकावेत, नर्सताईंनी, वकीलताईंनी उत्तरं लिहावीत. त्या भिंतीला कुठली कंपनी फिल्टर लावू शकणार नाही.

कुलूप मुळीच नको, असं मी म्हणत नाही. लहान लेकरांच्या घराला दार असावंच. पण किल्ली कोणाकडे आहे, दार कोणाच्या सोयीनं बंद होतं आणि आत राहिलेल्या पोरीला हाक मारता येते की नाही, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं निदान एका शाळेची वही घेऊन या. पुढचं निवेदन त्या वह्यांवरून लिहू.