डोळ्यांची साक्ष आणि पट्टीची साक्ष

(शेतकरी व कारागीर मंडळीपुढें झालेलें भाषण)



“मी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें” असें म्हटलें कीं आपल्याकडे वाद मिटतो. पण डोळाहि खोटी साक्ष देतो, आणि ती किती खोटी हें मोजतां येतें. तें कसें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कागदावर सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढा. एकीच्या दोन्ही टोंकांना आंत वळलेल्या आंखूड काड्या जोडा, म्हणजे बाणाचीं टोंकें होतील. दुसरीला त्याच काड्या बाहेर वळवून जोडा, बैलाच्या शिंगांसारख्या. शिंगांची रेघ लांब दिसेल. पट्टी लावून खात्री करून घ्या आणि पुन्हां पाहा. तरीहि लांबच दिसेल! जर्मनींतील म्युलर-लायर यांनीं ही आकृति १८८९ सालीं प्रसिद्ध केली.

आतां प्रयोग. पुठ्ठ्याचें एक चपटें पाकीट करा. त्यावर दहा सेंटिमीटरची बाणाची रेघ अशी काढा कीं तिचें एक टोंक पाकिटाच्या तोंडाशीं यावें. आंत सरकणाऱ्या पट्टीवर तीच रेघ पुढें चालवा आणि शेवटीं शिंगें काढा. समोरच्या माणसानें पट्टी सरकवून दोन्ही भाग सारखे दिसतील तेथें थांबावें. मग तुम्ही बाहेर आलेला भाग मोजा. समजा, तो आठ सेंटिमीटर भरला. तर डोळ्यानें दोन सेंटिमीटरचा धोका दिला.

दर माणसाकडून चार वेळां करवा. दोनदां पट्टी फार बाहेर ओढून सुरुवात करा, दोनदां फार आंत ढकलून. कारण ज्या बाजूनें यावें तिकडेच हात लवकर थांबतो. आधीं कांहीं सांगूं नका, मागल्याचा आंकडा ऐकवूं नका, हंसूंहि नका. अहो, परीक्षक हंसला कीं माणूस उत्तर बदलतो!

वहींत वय, धंदा, अंतर, उजेड आणि प्रत्येक आंकडा लिहा. नावडता आंकडा खोडणें म्हणजे वजनांत मारणेंच. कोणी मुळींच फसला नाहीं तर तेंहि लिहा.

अशा वह्यांनीं काय होतें तें पाहा. ज्यांना युरोपांत सरसकट ‘रानटी’ म्हणत, त्यांच्याकडे रिव्हर्स नांवाचे इंग्रज विद्वान ही आकृति घेऊन गेले. १८९८ सालीं टॉरेस सामुद्रधुनींतील मरे बेटावर आणि पुढें १९०१-०२ मध्यें निलगिरींतील तोडा लोकांत. ते लोक इंग्रजांपेक्षां कमी फसले! उभी रेघ आडवीपेक्षां लांब दिसते, त्या दुसऱ्या आकृतींत मात्र ते अधिक फसले. यांतून कोणाची अक्कल वरची वा खालची ठरवावी?

१९६६ सालीं सेगल, कॅम्बेल व हर्स्कोव्हिट्स यांनीं अनेक देशांतले आंकडे जमवून म्हटलें कीं, चौकोनी घरें आणि सुतारकामाचे कोपरे पाहून डोळ्याला ही संवय लागते. पण २०१५ सालीं भारतांतल्या नऊ जन्मांध मुलांचा वृत्तांत छापून आला. मोतीबिंदु काढून दृष्टि येतांच त्यांना ही आकृति दाखविली, तर तींहि फसलीं. त्यांना कोपरे पाहण्याची संवय कोठून असणार? म्हणून ‘केवळ संवय’ हें म्हणणें लंगडें पडलें.

आपल्यांत सुतारदादा आहेत, कोष्टी आहेत, उघड्या माळावर मेंढरें राखणारे धनगर बंधु आहेत. प्रत्येकानें दहा माणसांची वही करावी आणि बायामाणसांना वगळूं नये. पुठ्ठा जुन्या वहीचा चालेल. पुढच्या बैठकीला वह्या आणा. सगळ्यांसमोर बेरीज करूं.