ओट्यापुढची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी बाहेरून कुणा शिकलेल्या बाईंना बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच धरले. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवी. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "करोनाच्या दिवसांत तुम्ही मुलांना घरी शिकवलेत, तेच सांगा." तेव्हा जसे झाले तसे सांगते. त्यात सांगायला बरे वाटेल असे थोडे आहे, आणि लाज वाटावी असेही आहे. दोन्ही सांगितल्याशिवाय खाली बसायचे नाही, असे घरून ठरवून आले आहे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले आणि सासर हे सांगलीचे. माहेरच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल दोन कोसांवर. भाऊ सायकलवर गेला. मुलीला एकटीला कोण पाठवणार, म्हणून माझे दप्तर फळीवर चढले, ते पुन्हा खाली आले नाही. तेव्हा कुणी मला रागावले नाही की विचारलेही नाही. मलाही त्याचे फारसे काही वाटले नाही. वाटले ते पुढे, स्वतःच्या मुलांपुढे बसायची वेळ आली तेव्हा.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कुणीच विसरणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णामाईचे पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या घरात कमरेइतके पाणी शिरले आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचा लगदा झाला. ते सारे नव्याने उभे करतो न करतो तोच २०२० चा मार्च आला. महिन्याच्या मध्यावर शहरातल्या शाळा बंद झाल्या, आणि २४ तारखेच्या रात्रीपासून सारा देश घरात बसला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. साखरेची गाठी मिळाली नाही, म्हणून गुढीला नुसता कडुलिंब आणि फुले बांधली. परीक्षा न घेताच मुले वरच्या वर्गात गेली. थोरला नववीत, धाकटी पाचवीत.

जूनमध्ये सरकारने सांगितले, शाळा बंद पण शिक्षण सुरू. शिक्षण येणार फोनवर, आणि घरात धड फोन एकच. आमचे हे मार्केट यार्डात दिवाणजी. हळदीचे सौदे पुन्हा चालू झाले तसा फोन त्यांच्या खिशातून सकाळीच यार्डात जाई. धडा येई दहा वाजता, आणि फोन येई संध्याकाळी सात वाजता. पुढे सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा कार्यक्रम सुरू झाला, त्याचा धाकटीला आधार झाला. पण दूरदर्शन प्रश्न विचारते, उत्तर तपासत नाही. तपासायला घरात मीच होते.

मग मी ठरवले की स्वयंपाक आणि शाळा एकाच ठिकाणी चालवायची. सकाळी भाकऱ्या थापायला घेतल्या की दोघांनी ओट्यापुढे पाट मांडून बसायचे आणि आळीपाळीने मोठ्याने वाचायचे. हात पिठात असले तरी कान मोकळे असतात. वाचताना कोण अडखळले, कुणी ओळ गाळली, हे तव्याकडे पाहतही कळते. जेवणे आणि भांडी आटोपली की दुपारी गणित. दिवेलागणीला परवचा. तो माझ्याकडे नव्हता, सासूबाईंकडे होता. त्या दुसरीतून घरी बसलेल्या, पण त्यांच्या वडिलांचे धान्याचे दुकान होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळे त्यांना तोंडपाठ. नातीला मांडीशी घेऊन त्या म्हणायला लागल्या की थोरलाही हळूच जवळ सरके.

खाण्याचे मात्र विचारू नका. मुले शाळेत असताना डबा दिला की दुपारपर्यंत सुटका असे. घरात बसलेल्या मुलांना दर तासाला भूक. शाळेत शिजणाऱ्या आहाराचा तांदूळ आणि कडधान्य त्या काळात पालकांच्या हाती वाटले गेले, त्याचा मोठा आधार झाला. तरी डब्यातले शेंगदाणे, गूळ, चुरमुरे पाहता पाहता संपत. शेवटी मी नियम केला की मधल्या सुट्टीचे खाणे मुलांनीच करायचे, आणि किती लागले ते वहीत लिहायचे. धाकटी एका महिन्यात उपमा शिकली आणि वजनेमापेही शिकली.

सुट्टीचा पेच वेगळाच. सगळेच दिवस घरात, तर सुट्टी कशाला म्हणायचे? मुले उठून विचारीत, "आई, आज शाळा आहे का?" आणि मी म्हणे, "आज घर आहे." मग रविवार आणि सणवार ठरवून पाळले. त्या दिवशी वहीला हात लावायचा नाही. बेंदराला मातीचे बैल मुलांनी स्वतः केले. पुरणाला जितकी डाळ तितका गूळ, एवढा एकच हिशेब त्या दिवशी केला. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुजली. सुट्टी ठेवली म्हणूनच बाकीचे दिवस शाळेचे राहिले, असे मला वाटते.

आता लाजेची पहिली गोष्ट. एका दुपारी धाकटीला बेरीज होती, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. तिने उत्तर काढले पाच षष्ठांश. मला ते वेडेवाकडे वाटले. मी म्हटले, वरचे आकडे मिळव, खालचे आकडे मिळव, दोन पंचमांश. ती म्हणाली, "नाही आई." मी तांबड्या पेन्सिलीने फुली मारली. ती पुन्हा "नाही" म्हणाली, तेव्हा मी तिला चापट मारली.

सासूबाई शेंगा फोडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "सूनबाई, पानात अर्धी भाकरी आहे. तीत आणखी तिसरा वाटा वाढलास. आणि म्हणतेस, पाचातले दोन वाटे झाले. अगं, पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमी. वाढल्यावर भाकरी कमी कशी होईल?"

मी गप्प झाले. दुरडीतली भाकरी काढली आणि तिचे सहा सारखे तुकडे केले. अर्धी म्हणजे तीन तुकडे, तिसरा वाटा म्हणजे दोन. सहातले पाच. मुलीचे बरोबर होते. मी म्हटले, "चुकले माझे." ती काही बोलली नाही. माझ्या हातातली तांबडी पेन्सिल घेऊन तिने माझ्याच फुलीवर बरोबरची खूण केली, आणि मग रडली.

भगिनींनो, ती चापट अजून माझ्या हाताला आठवते. चापट मारली ती तिच्या चुकीसाठी नव्हे, मला येत नाही हे झाकण्यासाठी. त्या दिवसापासून आमच्या ओट्यापुढे एक वाक्य रूढ झाले, "मला येत नाही, आपण दोघी बघू." थोरल्याच्या नववीच्या बीजगणितात तर मला अक्षर कळत नव्हते. त्याला सांगितले, मला समजेपर्यंत तू मला शिकवायचे. मला समजायला वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात त्याचे पक्के होई.

घरी शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सावित्रीबाई फुले आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१ चा. त्यांना जोतीरावांनी घरीच अक्षरे शिकवली. रमाबाई रानडे देवराष्ट्र्याच्या, जन्म १८६२ चा. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, म्हणून आज ते आपल्या जिल्ह्यात. रमाबाई अकराव्या वर्षी लग्न होऊन गेल्या. न्यायमूर्ती माधवराव त्यांना घरी शिकवू लागले, तेव्हा घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनी किती सोसले ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आहे. आणि पंडिता रमाबाईंना तर आईने शिकवले. लक्ष्मीबाई डोंगरे दिवसभर संसारात, म्हणून पहाटे लेकीला उठवून, झोपेतल्या पोरीला कुशीत धरून, संस्कृत पाठ करून घेत. पहाटेची ती वेळ कशी काढली असेल, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण या तिघींनी पुढे काय केले, ते पाहा. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात जोतीरावांबरोबर मुलींची शाळा चालवली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्याला सेवासदन उभे केले. घरी शिकलेल्या बायकांनीच घराबाहेर शाळा उघडल्या. नवरा किंवा आई शिकवणारी मिळणे हे नशीब, आणि प्रत्येक मुलीने नशिबावर अवलंबून राहू नये, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार?

मला हे फार उशिरा कळले. ती माझ्या लाजेची दुसरी गोष्ट, आणि खरे तर तेवढ्यासाठीच मी आज उभी राहिले.

आमच्या गल्लीत थोरल्याच्या वर्गातली एक मुलगी होती. नाव सांगत नाही, ते कुटुंब आता इथे राहात नाही. त्यांच्या घरी साधा बटणांचा फोन. २०२० च्या पावसाळ्यात एक दिवस ती दारात आली आणि म्हणाली, "काकू, तुमच्याकडे शाळा भरते म्हणे. मी येऊ का? मी लांब बसेन." घरात सासूबाई वयस्कर, बाहेर रोज नव्या बातम्या. मी म्हटले, "दिवस बरे नाहीत गं. जरा कमी झाले की ये." ती "बरं" म्हणून गेली.

दिवाळीच्या सुमारास आजार कमी झाला. मी हाक मारली नाही. मुद्दाम नव्हे, राहून गेले. पुढे वर्ग उघडले, थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडले. त्या उन्हाळ्यात चार माणसांत तिचे लग्न झाले. सोळावे संपले नव्हते. गल्लीत सगळ्यांना कळले होते, आणि कुणी तोंड उघडले नाही. मीही नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, फिरवायला पैसे पडत नाहीत. तो मला तेव्हा ठाऊक नव्हता असे सांगून मी सुटले असते, पण दूरदर्शनवर तो मी कितीदा पाहिला होता.

त्या वर्षाच्या अखेरीस शाळा खऱ्या अर्थाने भरू लागल्या. धाकटी पहिल्या दिवशी घरी आली ती गप्पच. गणितात ती मागे नव्हती, पण मैत्रिणींत कसे बसायचे ते विसरली होती. ते काही मी ओट्यापुढे शिकवू शकले नव्हते. आणि थोरल्याने सांगितले, "आई, हजेरीत तिचे नाव घेतात, आणि कुणी ओ देत नाही."

माझे दप्तर फळीवर चढले तेव्हाही कुणी वाईट नव्हते. सगळ्यांचे राहून गेले, इतकेच.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी मांडते. आपली ही खोली हळदीकुंकू आणि भिशी सोडली तर दुपारी रिकामी असते. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ते चार ती उघडी ठेवावी. ज्या मुलाला घरी बसायला जागा नाही, ज्या मुलीला विचारायला कुणी नाही, तिने इथे यावे. शिकवणारी विदुषी लागत नाही. "मला येत नाही, आपण बघू" असे म्हणणारी एक बाई शेजारी बसली तरी पुष्कळ होते. किल्ली मी सांभाळीन. आणि कुणी मुलगी आठ दिवस दिसली नाही तर तिच्या घरी जाऊन विचारायचे, हेही काम आपण वाटून घ्यावे.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी. दहावीला बाहेरून बसण्याकरिता १७ नंबरचा अर्ज असतो. आपल्यात सातवी, आठवीला थांबलेल्या बऱ्याच आहोत. मी अर्ज भरायचे ठरवले आहे. बीजगणिताची भीती अजून आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी पोहे घेताना माझ्याशी बोलावे, म्हणजे त्याच दोन तासांत एका कोपऱ्यात आपलाही वर्ग बसेल.

सासूबाई आज नाहीत. असत्या तर पहिला परवचा त्यांनीच घेतला असता.