कलाशाखेची पदवी आणि आपली घरे
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



या आनंदाच्या प्रसंगी आम्ही एक नाजूक विषय काढीत आहोत, त्याची क्षमा असावी. घरातील मुलीने बारावीनंतर बी. ए. करावयाचे म्हटले की घर गप्प होते. "दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही वाटते?" असे शेजारी विचारतात. खरे सांगावयाचे तर आम्हीही आमच्या मुलांना हेच विचारले आहे.

वास्तविक हे शिक्षण आपल्या भागात फार कष्टाने आले. सांगली-मिरज रस्त्यावरील विलिंग्डन महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1919 साली काढले. त्यापूर्वी पदवीसाठी कोल्हापूर वा पुणे गाठावे लागे. त्याच वर्षी कराडजवळील काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेही मुलांनी हाताने कमवावे व शिकावे या तत्त्वावर. स्वतः भाऊराव मॅट्रिकही नव्हते. 1959 साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. अर्पण केली.

अशा मोलाने आलेली वस्तू आज आपली मुले गाइडाच्या बळावर उरकतात. इतिहासाचा विद्यार्थी मोडीचे एक पानही न पाहता पदवीधर होतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथेच राहणारा मराठीचा विद्यार्थी वर्षभरात एक नाटक पाहत नाही. फादर स्टीफन्स इंग्लंडातून आले, येथील भाषा शिकले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापून निघाले. आपण ज्युबिलीत त्यांचे नाव घेतो, पण त्यातील चार ओव्या वाचणारा घरटी एक तरी सापडेल काय? फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण पेढे मात्र वाटले.

दोष एकट्या मुलांचा नाही. कित्येक मुले दिवसा दुकानात वा मिरजेच्या इस्पितळांत काम करतात. त्यात कमीपणा कसला? भाऊरावांची मुले शेतात राबतच होती. अडचण आहे ती संध्याकाळची. दोन खोल्यांचे घर, पाहुणे, टीव्ही. अशा गलबल्यात कादंबरी असो वा राज्यशास्त्राचा ग्रंथ, चाळीस पाने सलग वाचणे अशक्य. कलाशाखेत तर वाचन हीच प्रयोगशाळा. नव्या धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी व चौथ्या वर्षी ऑनर्स. इतका काळ घराने धीर धरावयाचा, तर मुलाला बसावयास जागा नको काय?

म्हणून आमची एकच विनंती आहे. ज्युबिली निधीतून संगमरवरी फलक लावण्याचे घाटत आहे, तो पुढे ढकलावा. चर्चमागील सभागृह रोज सायंकाळी सात ते दहा अभ्यासासाठी उघडे असावे. टेबले आहेत, पंखे आहेत. आम्ही काही पदवीधर आळीपाळीने तेथे बसू, चावीही सांभाळू. विजेचे बिल कोणी द्यावयाचे, एवढे समितीने आज ठरवावे.