लस वॉर्डापर्यंत आली पाहिजे
(अमरावती येथे दवाखान्यांतील कर्मचारी आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी तुम्हा सिस्टर, वॉर्डबॉय, लॅबवाले आणि आशाताईंपुढे फ्लूच्या लशीवर बोलतोय. कारण आमची आपा अकोल्यात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला ताप भरला. सुट्टी घेतली तर पगार कापतात, म्हणून मास्क लावून तिनं तीन ड्युट्या काढल्या. चौथ्या दिवशी अब्बूंना ताप आला. त्यांना शुगर आहे. नऊ दिवस भरती ठेवावं लागलं. अलहम्दुलिल्लाह, ते बरे झाले. पण आपा अजून म्हणते, "ताप मीच घरी आणला." त्या तीन दिवसांत तिच्या वॉर्डात किती म्हातारी माणसं होती, हा विषय ती काढूच देत नाही.

मी तिला दोष देत नाही. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो पसरवू शकतो. म्हणजे नुसती रजा पुरत नाही, लसही हवी.

"दरवर्षी कशाला?" असं बरेच जण विचारतात. हा विषाणू रूप बदलत राहतो. म्हणून लशीत कोणते प्रकार घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सुचवते. मोबाईलला अपडेट लागतं, तसंच हे. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो. तेव्हा मे-जूनमध्येच टोचून घ्या.

"लशीनंच फ्लू होतो" हे खरं नाही. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. हात दुखतो, कधी एखाद-दोन दिवस कणकण वाटते. पण पूर्ण हमीही नाही. लस विषाणूशी जुळली, त्या वर्षी धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. अब्बूंसारख्यांसाठी तेवढंही खूप आहे.

आपल्यात हजला जाताना लस घ्यायला कोणी मागेपुढे पाहत नाही. १६ जानेवारी २०२१ पासून कोविडची लस सर्वांत आधी तुम्हालाच दिली गेली. यादी झाली, नावं पुकारली गेली. पुढच्याच महिन्यात अमरावती-अकोल्यात रुग्ण वाढले आणि २२ फेब्रुवारीला अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागलं. तेव्हा जमलं, ते फ्लूसाठी का जमू नये?

राज्यानं २०१५ मध्ये जोखमीच्या गटांसाठी ही लस मोफत सुरू केली. त्यात गरोदर स्त्रिया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि रुग्णसेवेतले कर्मचारीही होते. इर्विन, डफरीन, अकोल्याचं सर्वोपचार इथं जाऊन साठा आहे का, ते विचारू. खासगी दवाखान्यांकडे तीन गोष्टी मागू: लस मोफत द्या, रात्रपाळीसह प्रत्येक पाळीत वॉर्डातच टोचा, आणि ताप असेल तर पगार न कापता रजा द्या. सफाई कामगार आणि कंत्राटी माणसं यादीतून सुटता कामा नयेत.

आपानं यंदा लस घेतली, स्वतःच्या पैशानं. पुढच्या वर्षी तिला खिशात हात घालावा लागू नये, एवढं आपण करू या.