चिपच्या कारखान्यात मुलगी जाते तेव्हा
(शिवाजी पेठेतील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी पेठेतल्या मुलींचे आयटीआयचे फॉर्म भरून देते. आया विचारतात, "पगार किती? राहायचं कुठं?" एक प्रश्न राहून जातो.

गुजरातेत धोलेरा येथे टाटांच्या चिप-कारखान्याला २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. आता 'कुशल मनुष्यबळ घडवा' असे सगळे म्हणतात. मनुष्यबळात बाईचे शरीरही येते, हे कोण म्हणणार?

दक्षिण कोरियातली ह्वांग यु-मी २००३ साली सॅमसंगच्या कारखान्यात लागली. काम सिलिकॉनच्या चकत्या रसायनात बुडवण्याचे. २००७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. टॅक्सी चालवणारे तिचे वडील लढत राहिले. कंपनीची जाहीर माफी आली २०१८ मध्ये! तिथली धूळमुक्त खोली चकतीला जपते, बाईला नव्हे.

आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ साली, धोक्याची माहिती कामगारांना देणे कायद्याने मालकांवर बंधनकारक केले. हा हक्क भांडून वापरायचा असतो.

मुलींना जरूर पाठवा. पण सही करण्याआधी विचारा : रसायने कोणती? तपासणीचा अहवाल कोणाच्या हाती? दिवस गेले तर काम बदलून मिळेल, की नोकरीच जाईल? उत्तर लेखी घ्या.